गोळ्या जास्त गेल्या असतील तर आधी घड्याळ बघा

मी इंदूरच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते. आता रामबागेत घरीच असते, पण अवेळी बेल वाजली की अजूनही नजर आधी घड्याळावर जाते. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला शेजारची मुग्धा दारात. "काकू, यांना सारखं मळमळतंय. दाढदुखीच्या गोळ्यांनी असेल. सकाळी दाखवू ना?"

म्हटलं, आधी पत्ते आण. (आमच्याकडे स्ट्रिपला पत्ताच म्हणतात.) दाढेच्या डॉक्टरांचा एक, घरातला तापाचा एक, वर सर्दीचा. तिन्हींत पॅरासिटामॉल. आणि तिच्या नवऱ्यानं, सुहासनं, दोन दिवस तिन्ही घेतलेले, कारण नावं वेगळी.

तर तुमच्यावर वेळ आली की पहिलं काम हेच. कचऱ्याच्या बादलीतलेसुद्धा सगळे रिकामे पत्ते पिशवीत भरा. दुकानदार दोन-दोन गोळ्या कातरीनं कापून देतो, त्यात नाव निम्मं जातं आणि हातात उरतं नुसतं 'पॅरासि'. तरी तो तुकडा घ्या. वरच्या मोठ्या नावाला फसू नका, खालच्या बारीक अक्षरांत औषध आणि ५०० की ६५० मिलिग्रॅम ते असतं. मग कागदावर लिहा: पहिली गोळी किती वाजता, शेवटची किती वाजता, एकूण किती, माणसाचं वजन किती. "दुपारी कधीतरी" असं लिहू नका. "शाळेची बस आली तेव्हा" चालेल, त्यावरून वेळ काढता येते.

मीठ-पाणी पाजू नका. हे मी हात जोडून सांगते. उलटीसाठी पाजलेल्या मिठानं रक्तातलं सोडियम वाढून माणूस जास्त गंभीर होतो, आणि गुंगीत असला तर उलटी फुप्फुसात जाते. तूप, ताक, कच्चं अंडं, काही नको. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर वळवा आणि १०८ लावा. श्वास अगदी मंद आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर तेही सांगा. अफूच्या जातीच्या औषधावर नॅलोक्सोन हा वेगळा उतारा असतो.

आता पॅरासिटामॉलची खोड. पहिल्या दिवशी माणूस थोडं मळमळण्यापलीकडे ठीक दिसतो, कधी तेवढंही नसतं. लिव्हरचे आकडे दुसऱ्या दिवशी चढतात, कावीळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून "बरा आहे, सकाळी बघू" हे वाक्य मला ऐकवत नाही. एडिंबरोत प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की एन-असिटाइलसिस्टीन, म्हणजे कफ पातळ करायचंच औषध, लिव्हरमधला संपत आलेला ग्लुटाथायोनचा, म्हणजे गोळीतून तयार होणारं विष निकामी करणाऱ्या द्रव्याचा, साठा परत भरतं. आठ तासांच्या आत सुरू झालं तर लिव्हर जवळजवळ हमखास वाचतं. उशीर झाला तरी देतात, पण ती खात्री राहत नाही.

द्यायचं की नाही हे ठरवायला रुमॅक आणि मॅथ्यू यांचा १९७५ सालचा आलेख आहे. आमच्या ड्रॉवरमध्ये त्याची झेरॉक्स चिकटवलेली होती, चहाच्या डागासकट. गोळ्या घेतल्यापासून चार तासांनी काढलेल्या रक्तात पॅरासिटामॉल १५० मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा जास्त, तर उपचार. चार तासांच्या आधीचा आकडा त्यावर मांडता येत नाही, म्हणून डॉक्टर रक्तासाठी थांबले तर भांडू नका. मात्र आलेख एकदम घेतलेल्या गोळ्यांसाठी आहे. सुहाससारख्या दोन दिवस थोड्या थोड्या घेतलेल्याला तो लागूच नाही. तिथं औषधाची पातळी आणि लिव्हरच्या तपासण्या मिळून ठरवतात. कॅज्युअल्टीत नव्या पोरांचं इथंच चुकतं, तेव्हा "दोन दिवसांपासून" हे शब्द तुम्हीच मोठ्यानं सांगा.

आणि कुणी मुद्दाम घेतल्या असतील तर लपवू नका. पोलिसांच्या भीतीनं घरचे "चुकून झालं" म्हणतात आणि वेळ खोटी सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरतात, त्याला शिक्षा होत नाही. गोळ्या घेतलेल्या माणसाला हॉस्पिटलात रागावू नका, "का केलंस" नंतर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फोनमध्ये घालून ठेवा. कुठलं विष आहे कळत नसेल तर दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर सांगतं.

हॉस्पिटलात नेताना इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघाली असेल तर राजवाड्याकडून जाऊ नका, लांबचा रस्ता घ्या.

सुहासचे लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. रात्रीच एन-असिटाइलसिस्टीनचं ड्रिप लागलं. तासाभरात अंगावर गांधी आणि खाज, मुग्धा घाबरली. ते होतं कधीकधी. सिस्टरला लगेच सांगायचं, त्या वेग कमी करतात, गरज पडली तर इंजेक्शन देतात, आपण सुई ओढायची नाही. चौथ्या दिवशी घरी आला. दाढ त्यानंतरच्या आठवड्यात काढली.