मायलोमासाठी कार-टी घेतल्यानंतर घरचे पहिले महिने कसे सांभाळावेत

मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतला रक्ताचा कर्करोग. कार-टी उपचारात पेशंटच्याच टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) प्रयोगशाळेत बदलून, त्याच्याशी लढायला परत शरीरात सोडतात. डिस्चार्ज मिळाला की पहिला प्रश्न येतो तो पथ्याचा. पेशंटकडून रोज काय लिहून घ्यायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. कार-टी घेतलेल्या पेशंटांची शुश्रूषा करताना मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

थर्मामीटर, गोळ्यांचा डबा, टीमचा रात्रीही लागणारा फोन नंबर आणि कार-टीचं (उपचाराची माहिती असलेलं) कार्ड जवळ आहे, असं धरून पुढे जाते.

ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला की आधी फोन, मग गोळी. ‘एक पॅरासिटामॉल देऊन बघू’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. ताप दबतो, पण त्यामागचा संसर्ग किंवा सायटोकाइनची (कार-टीमुळे उसळणाऱ्या दाहक रसायनांची) प्रतिक्रिया वाढतच राहते. मायलोमाच्या घरात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जुनी पाकिटंही हमखास पडलेली असतात. ती कपाटातून काढून टाका. स्टेरॉइड लागलं तर डॉक्टर देतील, तेही मोजून. आणखी एक: मायलोमासाठीच्या कार-टीचे आयडे-सेल आणि सिल्टा-सेल असे दोन प्रकार आहेत. आयडे-सेलमध्ये ताप बहुधा पेशी दिल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच येतो, सिल्टा-सेलमध्ये तो साधारण सातव्या दिवसाच्या आसपास येतो. त्यामुळे पहिला आठवडा शांत गेला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मेंदूवरचा परिणाम. खरी कसोटी इथे लागते. सुरुवातीला मलाही हा टप्पा फार अवघड जायचा, कारण ज्याला त्रास होतोय त्याला तो कळतच नाही. ‘मी ठीक आहे’ असं पेशंट अगदी मनापासून सांगतो. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. सोबत राहणाऱ्याने रोज तपासायचं.

एक वही करा. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी विचारा: साल कोणतं, महिना कोणता, आपण कोणत्या गावात आहोत, उपचार कोणत्या रुग्णालयात झाले? समोरच्या तीन वस्तूंची नावं सांगायला लावा. ‘डोळे मिटा’ यासारखी एखादी साधी सूचना पाळायला सांगा. शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजायला लावा. शेवटी एक पूर्ण वाक्य लिहून घ्या, रोज तेच, तारखेसह. वॉर्डातही जवळपास हेच विचारतात, त्याचे दहा गुण असतात. घरी गुण मांडत बसू नका. कालच्यापेक्षा आज काही बिघडलं का, एवढंच बघा. शब्द आठवेना, अक्षर फिसकटलं, उलटं मोजताना गाडी अडली, हात थरथरला, तर त्याच क्षणी फोन करा. ‘थकलाय, झोपू द्या’ किंवा ‘केमोमुळे होतं असं’ म्हणून सकाळपर्यंत थांबणं मला अजिबात मान्य नाही. झटका आला किंवा माणूस हाकेला ओ देईनासा झाला, तर थेट अँब्युलन्स.

महिना उलटला म्हणून वही बंद करू नका. विशेषतः सिल्टा-सेलनंतर काही जणांना आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली आहेत. चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो, स्वभाव बदलतो, अक्षर बारीक होत जातं. रोज बघणाऱ्याला हा बदल जाणवत नाही, पण वहीची पानं चाळली की दिसतो. अशा वेळी वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. चेहऱ्याची एक बाजू अचानक सैल पडली, तर घरी निदान करत बसू नका. पक्षाघातही असू शकतो.

संसर्ग. रंगरूप सुधारतं, लोक भेटायला येऊ लागतात, पण चांगल्या प्रतिपिंडांची पातळी अजून खालीच असते, कारण ती बनवणाऱ्या निरोगी पेशीही कार-टीने मारलेल्या असतात. आयजीजी हे मुख्य प्रतिपिंड दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमखाली गेलं की बरेच डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) शिरेतून देतात. पांढऱ्या पेशी वाढून पुन्हा पडू शकतात, म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर तपासण्या टाळू नका. असायक्लोव्हिर आणि को-ट्रायमोक्साझोल ही संसर्ग टाळणारी औषधं मनाने थांबवू नका. लांबलेल्या जुलाबांनाही ‘पोट बिघडलं’ म्हणून सोडू नका. लसी साधारण सहा महिन्यांनंतर, टीमला विचारून. जिवंत विषाणूंच्या लसी तर परवानगीशिवाय नकोच.

थकवा. रोज थोडं चाला.

गाडी चालवणं. पूर्वी आठ आठवडे मनाई असायची. अमेरिकेच्या एफडीएने जून २०२५ मध्ये ती दोन आठवड्यांवर आणली. तरी तुमची टीम सांगेल तोच तुमचा नियम.

पहिला रिपोर्ट. एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशींनी बनवलेलं प्रतिपिंड, बऱ्याचदा आयजीजीच) अजून दिसतंय म्हणून घाबरू नका. आयजीजी रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे पेशी मेल्या तरी त्यांनी बनवलेलं प्रथिन मागे रेंगाळतं. फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांचे सुटे छोटे भाग) लवकर उतरतात, डॉक्टरांना त्यांच्याबद्दल विचारा.

दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जावं लागलं, तर कार्ड आधी पुढे करा. रक्त किंवा प्लेटलेट चढवायच्या झाल्या तर त्या किरणोत्सर्ग दिलेल्याच हव्यात का, हे तिथल्या डॉक्टरांना तुमच्या टीमशी बोलून ठरवायला लावा.