वजनाचा काटा हलेना? आधी या चुका टाळा

"दहा दिवस झाले, काटा जागचा हलत नाही. आता जेवणातलं काय कमी करू?" डाएट आणि व्यायाम सुरू केलेली माणसं मला सगळ्यात जास्त विचारतात तो हा प्रश्न. वर्षानुवर्षं लोकांची वजनं, त्यांच्या वह्या आणि त्यांची ताटं बघत आलोय. वजन खरोखर अडकलेली माणसं त्यात फार थोडी भेटली. बाकीच्यांच्या बाबतीत मोजण्यात घोळ होता, किंवा घाईत स्वतःच सगळं बिघडवून ठेवलं होतं. चुका त्याच त्या, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

दहा दिवसांत निकाल लावणं

पहिल्या दोन आठवड्यांत वजन झरझर उतरतं आणि तिथेच अपेक्षा बिघडते. शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की हा साठा आधी उतरतो, सोबत पाणी जातं. काटा दीड-दोन किलो खाली येतो, पण त्यात चरबी थोडीच असते.

पुढचा हिशेब साधा आहे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं, अगदी काटेकोर पाळली तरी एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. आता दुसरी बाजू बघा. रात्री खारट खाल्लं, पोट साफ झालं नाही, झोप अर्धवट झाली, पाळी जवळ आली, काल पायांचा नवीन व्यायाम केला आणि स्नायू दुखतायत, यांतलं काहीही झालं तरी वजन किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. त्या हेलकाव्यात साडेचारशे ग्रॅम कुठे दिसणार? नवीन वेट ट्रेनिंग सुरू केलेल्यांचं तर दोन-तीन आठवडे वजन वाढतंसुद्धा, कारण दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. त्याच वेळी चरबी मात्र कमी होत असते.

माझी पद्धत अशी. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करायचं, वहीत लिहायचं आणि वही बंद करायची. त्या आकड्यावर दिवसभर विचार करायचा नाही. आठवड्याच्या शेवटी सात आकड्यांची सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना फक्त सरासरीशी करायची. दर पंधरा दिवसांनी श्वास सोडून बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजायची. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी गेल्या महिन्यातल्या त्याच टप्प्याशी तुलना करावी, मागच्या आठवड्याशी नको. रोजचा आकडा बघून ज्यांचं मन खरंच खचतं त्यांनी आठवड्यातून तीनदाच काट्यावर उभं राहावं. चार आठवडे सरासरी हलली नाही आणि कंबरही तेवढीच राहिली, तरच मी वजन अडकलं असं मानतो. त्याआधी कुणी कितीही गयावया केली तरी मी प्लॅन बदलत नाही.

अंदाजाने मोजणं

ही माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची चूक आहे, कारण ही करणारी माणसं मनापासून प्रामाणिक असतात.

एक ताई होत्या. वही अशी की बघत राहावं: वेळ, पदार्थ, प्रमाण, सगळं सुवाच्य अक्षरात. वहीप्रमाणे त्या दिवसाला जेमतेम बाराशे कॅलरी खात होत्या, रोज चालत होत्या आणि तरी महिनाभर काटा आणि टेप दोन्ही स्थिर. "सर, मी खोटं लिहीत नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. मला त्यांच्यावर शंका नव्हतीच. मी एवढंच म्हटलं की तुम्ही स्वतःपुरती भाजी वेगळी करता ना, ती आज माझ्यासमोर करा. ओट्यावर स्वयंपाकाचा डिजिटल काटा ठेवला आणि तेलाची बाटली आधी त्यावर ठेवली. ७४२ ग्रॅम. त्यांनी रोजच्यासारखी धार सोडली, भाजी खाली लागायला लागली तशी मध्येच आणखी थोडी. झाल्यावर बाटली पुन्हा काट्यावर. ७०९ ग्रॅम.

वहीत त्या भाजीपुढे लिहिलं होतं "तेल १ चमचा". एक छोटा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. प्रत्यक्षात ३३ ग्रॅम गेलं होतं, म्हणजे जवळजवळ ३०० कॅलरी. एका वेळच्या भाजीत अडीचशेचा फरक, दोन वेळचे मिळून पाचशे. त्यांच्या प्लॅनमधली रोजची तूट बरोबर तेवढीच होती. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या शरीरात काही बिघाड नाही?" नव्हताच. त्यानंतर आम्ही एक लहान बाटली घेतली. सोमवारी त्यात आठवड्याचं तेल मोजून भरायचं आणि ते संपलं की त्या आठवड्यापुरतं तेल संपलं. जेवणात दुसरं काहीही बदललं नाही. पुढच्या महिन्याच्या सरासऱ्या उतरत गेल्या.

हा एकट्या ताईंचा अनुभव नाही. १९९२ साली अमेरिकेत काही संशोधकांनी अशाच तक्रारीच्या दहा जणांना तपासलं. आपण बाराशेपेक्षा कमी कॅलरी खातो आणि तरी वजन उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं मेटाबॉलिझम अपेक्षेइतकंच निघालं. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. शरीराचा दिवसभराचा खर्च मोजण्याच्या खात्रीच्या पद्धतीने हे पडताळलेलं आहे. म्हणून मी आहारतज्ज्ञांनासुद्धा सांगतो: वजन अडकलं की आधी दोन आठवडे सगळं काट्यावर मोजून घ्या, मगच प्लॅनला हात लावा.

सगळ्यात जास्त घसरण तेल, लोणी, चीज आणि सुकामेवा यांत होते. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, प्रोटीन आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला ४. म्हणूनच काकडी अंदाजाने घेतली तर काही बिघडत नाही. बदाम अंदाजाने घेतले तर बिघडतं. ३० ग्रॅम बदामांच्या पावणेदोनशे कॅलरी होतात आणि "मूठभर" म्हणजे ३० ग्रॅम क्वचितच असतात. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं म्हणून संपवलेलं, साखर घातलेली पेयं आणि फळांचा रस, हे सगळंही वहीत यायला हवं. आयुष्यभर मोजायची गरज नाही. दोन-तीन आठवडे मोजलं की नजर तयार होते, मग मधूनमधून तपासलं तरी पुरतं.

घड्याळावरच्या कॅलरी खाणं

मनगटावरच्या पट्ट्याने ४०० कॅलरी जळाल्याचं सांगितलं म्हणून तेवढं जास्तीचं खाऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात अचूक ठरलेल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. पट्टा पावलं मोजायला वापरा.

चीट डे

चीट डे म्हणजे डाएट विसरून मनसोक्त खायचा दिवस. पाच दिवस रोज पाचशेची तूट म्हणजे अडीच हजार. शनिवार-रविवारी रोज बाराशे जास्त खाल्लं की ती जवळजवळ संपली. मी चीट डे देत नाही. आवडीचा एक पदार्थ, ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या प्रमाणात देतो.

चरबी जाळणाऱ्या गोळ्या, डिटॉक्स पेयं, घाम काढणारे पट्टे

घेऊ नका. यावर याहून जास्त लिहायची माझी तयारी नाही.

झोपेतून वेळ काढून व्यायाम

पहाटे चारला उठून धावणाऱ्यांचं मला अजिबात कौतुक नाही, रात्री बाराला झोपले असतील तर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात त्याच माणसांना तेवढंच कमी खाणं देऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही खाली आला आणि भूक वाढली. प्रयोग लहान आहे, पण मला रोज दिसतं तेही याहून वेगळं नाही.

काटा थांबला की उपाशी राहणं

नवशिक्यांची सगळ्यात घातक सवय ही, आणि तिला लोक जिद्द म्हणतात.

एका तरुणाचं तीन महिने उत्तम चाललं होतं. मग दोन आठवडे काटा थांबला. मला न विचारता त्याने जेवण निम्म्यावर आणलं आणि सकाळच्या जोडीला संध्याकाळीही धावायला लागला. महिन्याभराने आला तेव्हा डोळे खोल गेलेले, चिडचिड आणि वजन तेवढंच. मी त्याच्या फोनमधल्या पावलांच्या नोंदी उघडायला सांगितल्या. धावणं सोडून उरलेल्या दिवसात तो पूर्वी नऊ हजारांच्या आसपास पावलं चालायचा, ती चार हजारांवर आली होती. जिना सोडून लिफ्ट, फोनवर बोलताना फेऱ्या मारायचा त्याऐवजी आडवं होऊन बोलणं. यातलं काहीच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. धावून मिळवलेलं तो नकळत बसून परत देत होता आणि शुक्रवारी रात्री भूक अनावर झाली की उरलेल्यातलंही बरंच जात होतं. शनिवारी काट्यावर दोन किलो जास्त दिसायचे आणि सोमवारपासून पुन्हा उपास.

मी संध्याकाळचं धावणं बंद केलं, जेवण सोसेल इतकं वाढवलं आणि रात्री अकराला झोपायला लावलं. आठवड्याभरात काटा किलोहून अधिक खाली आला. त्याला तो चमत्कार वाटला. अति कमी खाणं, अति व्यायाम आणि अपुरी झोप यांच्या ताणाने शरीराने धरून ठेवलेलं पाणी सुटलं, बस. चरबी आधीच थोडीथोडी जात होती, पाण्याने ती झाकली होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "कमी खाल्लं की शरीर स्टार्व्हेशन मोडमध्ये, म्हणजे उपासमारीच्या अवस्थेत, जातं आणि वजन उतरणंच बंद होतं" असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च तब्बल ४० टक्क्यांनी उतरला, पायांना सूज आली, अंगात त्राण राहिलं नाही आणि डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार. वजन उतरतं, पण शरीर हात आखडता घेतं आणि माणूस तुटतो. घरी, नोकरी सांभाळून, समोर भरलेला फ्रिज असताना हे कुणी २४ आठवडे टिकवणार नाही, आणि टिकवूही नये.

खरंच अडकलं असेल तर

मोजमाप चोख आहे, चार आठवडे काटा आणि टेप दोन्ही थांबलेत, तर हिशेब बदललाय. ९० किलोचा माणूस ७८ वर आला की तेवढंच अंतर चालायला त्याला आधीपेक्षा कमी ऊर्जा लागते, विश्रांतीतला खर्चही घटतो. शिवाय संशोधक लीबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दहा टक्के वजन उतरल्यावर शरीराचा खर्च नव्या वजनाच्या हिशेबाने घटायला हवा त्याहूनही जास्त घटतो. सुरुवातीचं जेवण आता तूट राहिलेलं नसतं, ते वजन टिकवणारं जेवण झालेलं असतं.

अशा वेळी मी एकच गोष्ट बदलतो. एकतर जेवणातून दीडशे कॅलरी कमी, बहुतेकदा तेल किंवा साखरेतून, किंवा रोज दोन हजार पावलं जास्त. तीन आठवडे थांबायचं आणि सरासरी बघायची. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी बदलायला काही उरत नाही. प्रोटीन वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम ठेवतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं मी सोडू देत नाही, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो.

तीन-चार महिने सलग डाएट झालं असेल आणि माणूस थकलेला दिसला, तर कमी करण्याऐवजी दोन आठवडे वजन टिकेल इतकं जेवायला सांगतो. त्यात काटा किलोभर वर जाईल. ते ग्लायकोजेन आणि पाणी परत आलेलं असतं, त्याला घाबरून मध्येच उपास करू नका.

सतत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळी अनियमित होणं यांतलं काही सोबत असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, स्त्रियांनी पीसीओएस या हार्मोनच्या विकाराबद्दलही विचारा. स्टेरॉइड, इन्सुलिन, नैराश्यावरची काही औषधं, रक्तदाबासाठीचे बीटा ब्लॉकर यांनीही वजन वाढू किंवा अडू शकतं. ती स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या: चार आठवड्यांच्या सरासऱ्या, कंबरेचे आकडे, मोजून लिहिलेलं खाणं आणि चालू औषधांची नावं.