घरासाठी कमी बजेटचा डेस्कटॉप कसा निवडावा

बजेट कमी असताना डेस्कटॉप घेणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘आय ५’ दिसतं, किंमत परवडणारी असते, आणि प्रोसेसर कुठल्या पिढीचा, आत एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आहे की जुनी हार्ड डिस्क, हे कुणी विचारतच नाही. घरच्या कॉम्प्युटरचा वेग मात्र याच गोष्टींवर ठरतो. म्हणून पुढच्या क्रमाने जा.

१. आधी कामं लिहून काढा. मुलांचा अभ्यास, ऑनलाइन वर्ग, टायपिंग, हिशेब, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याचे पैसे वाचवा. मोठे गेम किंवा नियमित व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर गणित बदलतं. घरात चालू मॉनिटर आणि कीबोर्ड असतील तर नुसता सीपीयू, म्हणजे कॅबिनेटचा डबा, घ्या.

२. प्रोसेसरचं पूर्ण नाव विचारा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ‘आय ३’, ‘आय ५’ यांच्या पुढे जो आकडा असतो, त्याचे शेवटचे तीन अंक सोडले की पिढी कळते. ‘आय ५-२४००’ म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ‘आय ३-१२१००’ म्हणजे बारावी, २०२२ची. दोघांतही चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, पण नव्या आय ३चा प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान आहे आणि चारही मिळून एका वेळी आठ थ्रेड, म्हणजे कामांचे आठ धागे, सांभाळतात. इथे आय ३ आय ५ला सहज मागे टाकतो. नुसतं ‘आय ५ आहे’ एवढंच सांगणाऱ्या विक्रेत्याकडून पूर्ण नाव मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पिढी बघण्याचं आणखी एक कारण आहे. विंडोज १०चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची खास चिप किंवा सोय) लागतं, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल आणि तुमची विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरायची तयारी असेल तरच घ्या.

नावाच्या शेवटचं अक्षरही वाचा. ‘आय ३-१२१००एफ’मध्ये ग्राफिक्स नसतं, कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ‘रायझन ५ ५६००जी’मध्ये ग्राफिक्स आहे, साध्या ‘५६००’मध्ये नाही.

३. एसएसडीवर तडजोड करू नका. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला हेडला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीचं तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स वाचाव्या लागतात, म्हणून हा फरक थेट जाणवतो. एसएसडीचे दोन प्रकार मिळतात: साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. तरी घरच्या कामात या दोघींमधला फरक फारसा कळत नाही, त्यापायी बजेट ताणू नका. २५६ जीबी किमान, ५१२ असेल तर निवांत. फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर ते ठेवायला जोडीला हार्ड डिस्क लावा. अगदी स्वस्त मशीनमध्ये ६४ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. विंडोजच्या अपडेटनेच ते भरत येतं, असं मशीन टाळा.

४. रॅम किती, आणि कशी बसवली आहे? आज ८ जीबी किमान धरा, जमलं तर १६ घ्या. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर ते हीच रॅम वापरतं. अशा वेळी ८च्या दोन पट्ट्या लावल्या तर ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) मिळून ग्राफिक्सला वेग येतो. आत्ता एकच पट्टी परवडत असेल तरी चालेल, फक्त दुसरा स्लॉट मोकळा हवा. डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे प्रकार आहेत, डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

५. नवं, रिफर्बिश्ड की मिनी पीसी? कमी पैशांत माझी पहिली पसंती ऑफिसमधून निघालेल्या, आठव्या किंवा पुढच्या पिढीच्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, तपासून-दुरुस्त करून विकलेल्या) मशीनला. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर ही त्यातली नेहमीची नावं. बांधणी दणकट असते. अडचण पुढे येते: त्यांचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कनेक्टर अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्डही मावत नाही.

इंटेल एन१००सारख्या प्रोसेसरचा मिनी पीसी वीज फार कमी खातो आणि ब्राउझिंग, व्हिडिओ, टायपिंगला पुरतो. पुढे त्यात फारशी वाढ करता येत नाही. वाढवत न्यायचं असेल तर असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला, घ्या, पण एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा घ्या. तो बिघडला तर सोबत मदरबोर्डही जाऊ शकतो.

६. पैसे देण्याआधी मशीन चालवून पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूवर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल, मेमरीवर रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते, आणि डिस्कखाली एसएसडी की एचडीडी. विंडोज सिक्युरिटीतल्या डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये सिक्युरिटी प्रोसेसरचे तपशील उघडून टीपीएमचं व्हर्जन बघा. सेटिंग्जमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का तेही पाहा. डिस्क वापरलेली असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती किती तास चालली आहे ते दाखवतं.

मग थोडा वेळ व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका आणि पेन ड्राइव्ह प्रत्येक यूएसबी पोर्टला लावून बघा. तुमच्या मॉनिटरला एचडीएमआय आहे आणि मशीनला फक्त डिस्प्लेपोर्ट, असं असेल तर कन्व्हर्टर आत्ताच घ्या. बऱ्याच डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर यूएसबी वायफाय ॲडाप्टरचा खर्चही बजेटमध्ये धरा.