दुकानासाठी ॲप निवडताय? या चुका टाळा

आमचं किराणा दुकान आहे आणि उधारीशिवाय किराणा चालत नाही. एका दिवाळीत चोपडीपूजन झालं आणि पाडव्यापासून मी सगळी उधारी मोबाइलवर घ्यायला लागलो. दीड वर्ष छान चाललं. मग एका संध्याकाळी काउंटरवरून मोबाइल निसटला तो थेट पाण्याच्या बादलीत. नवा मोबाइल घेतला, तेच ॲप टाकलं, जुन्याच नंबरने लॉगिन केलं, तर गिऱ्हाइकांची यादी कोरी! बॅकअपचं बटण सेटिंगमध्ये होतं, पण ते आपल्याला चालू करावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन महिने लोक स्वतःहून येऊन आपापला आकडा सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होतो. त्यांच्या भल्या वागण्यामुळे दुकान तरलं.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच: ॲपमध्ये हिशेब भरायचा कसा हे आपण बघतो, तो बाहेर कसा काढायचा हे बघत नाही. खरी नावं टाकण्याआधी पाच खोट्या नोंदी करा. ॲप काढून टाका, दुसऱ्या मोबाइलवर घ्या. नोंदी परत आल्या का? सगळा हिशेब एक्सेलमध्ये उतरवता येतो का? की त्यासाठी वरच्या प्लॅनचे पैसे मागतात? जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची कागदपत्रं सांभाळावी लागतात. ॲपचे पैसे आपण वर्षावर्षाचे भरतो, आणि उद्या ते ॲप बंद पडलं तरी कागदपत्रं दाखवायची जबाबदारी आपलीच राहते. मी दर महिनाअखेर एक्सेल आणि पीडीएफ काढून स्वतःलाच मेल करतो. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक म्हणजे सोयींची लांबलचक यादी बघून भुलणं. स्टॉक, बारकोड, पगार, ऑनलाइन दुकान, सगळं एकाच ॲपमध्ये! पण तुमचा पैसा गळतोय कुठे? उधारीत गळत असेल तर उधारीचं साधं ॲप पुरे. माल तारीख उलटून फेकावा लागत असेल, तर एक्सपायरीची आठवण देणारं घ्या. फोनवर ऑर्डरी चुकत असतील, तर व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग आणि लेबलं फुकट आहेत, ती आधी वापरून बघा.

आणि ॲपची परीक्षा दुपारच्या निवांत वेळी घेऊ नका, संध्याकाळी सातला घ्या. समोर चार गिऱ्हाइकं, पोऱ्याच्या एका हातात साखरेची पिशवी, काटा हलतोय, आणि काकू म्हणतात, ‘एकशे पंच्याऐंशी नावावर लिही रे.’ ती नोंद तीन टिचक्यांत झाली नाही, तर पोरगा ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिणार आणि रात्री तो तुकडा कचऱ्यात जाणार. मराठीत नाव शोधता येतं का, नेट गेलं तरी नोंद होते का, हे त्याच गर्दीत कळतं.

बिलाच्या ॲपमध्ये एक चूक फार होते. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायची सोय) असाल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे कर दाखवणारं बिल नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’, म्हणजे कर न लावलेलं बिल द्यावं लागतं. ॲप सुरू करताना नोंदणीचा प्रकार चुकीचा निवडला, तर प्रत्येक बिलावर कर छापला जातो आणि सीएकडे गेल्यावर ते उघडकीला येतं. नियमित नोंदणी असेल तर दर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले. ॲपमधली जुनी मालयादी तशीच राहिली असेल तर बिल चुकीचंच निघणार. दहा वस्तू काढून आजच पडताळा.

यूपीआयचं थोडक्यात सांगतो. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण म्हणजे पैसे आले असं नव्हे; आपल्या ॲपमध्ये, बँकेच्या मेसेजमध्ये किंवा साउंडबॉक्सवर आले तरच आले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर व्यवहार तिथेच थांबवा. घरखर्चाच्या खात्याचा क्यूआर दुकानात लावू नका, मार्चमध्ये घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे काढताना डोकं पिकतं.

शेवटचं, परवानग्या. उधारीच्या ॲपला गिऱ्हाइकाचा नंबर निवडायला संपर्क यादी लागू शकते, नंबर हाताने टाकलात तर तीही लागत नाही. पण त्याच ॲपमधून ‘पाच मिनिटांत कर्ज’ अशी जाहिरात आली तर सावध व्हा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क, कॉल यादी किंवा फोटो उघडता येत नाहीत. मागत असेल तर काढून टाका. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.