मारिको माशीमार कसा ओळखावा

बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागातील काटेरी सवानात बाभळीच्या जातीच्या झाडांवर एक तपकिरी माशीमार पक्षी हमखास दिसतो. तो मारिको माशीमार की त्याचा भाऊबंद पेल माशीमार, हे ठरवताना घाई करू नये.

सर्वप्रथम छाती पाहावी. मारिकोचा गळा, छाती आणि पोट स्वच्छ पांढरे असते आणि पाठीचा तपकिरी रंग जिथे संपतो, ती सीमा दुर्बिणीतून ठळक दिसते. पेलची छाती मात्र मळकट भुरी असून पाठीचा रंग तिच्यात हळूहळू मिसळत जातो. दुपारच्या रणरणत्या उन्हात पेलही पांढरा भासतो, म्हणून पक्षी सावलीत येईपर्यंत थांबावे. फोटो जास्त उजळ निघाला असेल, तर या खुणेवर विसंबूच नये.

रंगाखालोखाल भरवशाची खूण म्हणजे झाडी, असे माझे मत आहे. मारिकोला काटेरी बाभूळवन लागते, तर पेल रुंद पानांच्या झाडीत रमतो. चॅट माशीमार मारिकोपेक्षा थोराड असून अधिक उघड्या, कोरड्या माळावर राहतो. उत्तरेकडून पाहुणा येणारा स्पॉटेड माशीमार लहान असतो आणि त्याच्या कपाळावर व छातीवर बारीक रेघा असतात.

नाव माशीमार असले, तरी मारिको बहुतेक शिकार जमिनीवरच करतो. बाहेरच्या फांदीवर ताठ बसून तो खाली टक लावतो, अचानक झेपावून किडा उचलतो आणि पुन्हा फांदीवर येतो.

पाठीवर फिकट ठिपके आणि पोटावर गडद रेघा असलेले पिल्लू पाहून ही वेगळीच जात असावी, असे नवख्या निरीक्षकाला वाटते. प्रत्यक्षात असा ठिपकेदार बालपिसारा माशीमारांच्या मस्किकॅपिडी कुळात सर्रास आढळतो. पूर्वी कस्तुरांमध्ये गणला जाणारा आपला दयाळ आज याच कुळात आहे. उलट, इंग्रजीत फ्लायकॅचर म्हणवला जाणारा स्वर्गीय नर्तक मोनार्किडी कुळातला आहे. त्यामुळे वर्गीकरण करताना प्रचलित नावावर जाऊ नये.

प्रजातीबाबतही (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) सावध राहावे, कारण पक्ष्यांच्या काही याद्या या पक्ष्याला ब्रॅडॉर्निसमध्ये, तर काही मेलीनॉर्निसमध्ये ठेवतात. प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी 1847 मध्ये दिलेले, मारिको नदीवरून आलेले ‘मारिक्वेन्सिस’ हे जातिनाम दोन्हीकडे सारखेच आहे. वहीत नोंद करताना ते अवश्य लिहावे आणि प्रजातीचे नाव कोणत्या यादीनुसार घेतले, हेही शेजारी टिपून ठेवावे.