दृष्टांत कसा द्यावा

अवघड मुद्दा समजावताना ओळखीच्या गोष्टीचा आधार घेतात, तो दृष्टांत. ‘त्यांना दृष्टांत झाला’ म्हटले की मात्र स्वप्नातला देवाचा आदेशच डोळ्यांपुढे येतो. म्हणून समजावणीच्या अर्थाने ‘दृष्टांत देणे’ लिहावे. उदाहरणही वेगळे. हापूस हे आंब्याचे उदाहरण आहे, कारण दोन्ही एकाच जातीचे. दृष्टांत दुसऱ्याच प्रांतातून आणावा लागतो.

बांधणी महानुभाव पंथाकडून शिकावी. पंथातले ग्रंथकार केसोबास यांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी यांचे सूत्र येते, मग त्यांचाच दृष्टांत आणि शेवटी केसोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांतातले काय सूत्रातल्या कशाला लागू होते याचा खुलासा.

तुम्हीही आधी सूत्र एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: महागाईचा दर घटला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असे नव्हे. हे वाक्य जमत नसेल तर दृष्टांताकडे वळूच नका. मुद्दा अजून तुम्हालाच नीट कळलेला नाही.

मग दृष्टांत शोधा. निवडीची कसोटी न्यायसूत्रांनी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथाने, फार पूर्वी दिली आहे: ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार यांचे एकमत असते, ती दृष्टांत होऊ शकते. जी आधी समजावून सांगावी लागते, ती बाद. घाट चढणारी एसटी घ्या. तिचा वेग कमी झाला तरी ती वरच जात असते.

आता दार्ष्टांतिक. बहुतेक जण दृष्टांतावरच थांबतात आणि ऐकणारा एसटीच लक्षात ठेवून जातो. स्पष्ट सांगा: गाडीने गाठलेली उंची म्हणजे किंमत, चढण्याचा वेग म्हणजे महागाईचा दर. वेग शून्य झाला तर किंमत आहे तिथे थांबेल; ती उतरायला गाडी उलटी फिरावी लागेल. कवितेत हा खुलासा गाळता येतो. तुकोबा ‘लहानपण देगा देवा’ म्हणून मुंगीची साखर आणि ऐरावताचा अंकुश शेजारी ठेवतात, बाकीचे आपण जोडतो. अर्थशास्त्र किंवा औषधोपचार समजावताना एवढी मोकळीक घेऊ नये, चुकीचे जोडले तर नुकसान होते.

शेवटी दृष्टांत कुठे लागू होत नाही तेही सांगा. घाटाला माथा असतो, किमतींना तसा ठरलेला माथा नाही.