डिप्रेशनच्या गोळ्यांचे साइड इफेक्ट्स: कुठला चालेल, कुठला नाही हे कसं ठरवायचं

डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली की आपण घरी येऊन आधी गूगल करतो, ती मारुतीच्या शेपटासारखी यादी वाचतो आणि पट्टी जाते ड्रॉवरमध्ये. माझी एस्सिटालोप्रामची पहिली पट्टी अशीच दोन महिने पडून होती, आणि ते दोन महिने फार वाईट गेले. यादी जरूर वाचा, पण प्रत्येक त्रासापुढे दोन गोष्टी लिहा: हा जाणारा आहे की राहणारा, आणि राहिला तर मला चालेल का.

मळमळ, डोकेदुखी, लूज मोशन, थोडी बेचैनी हे बहुतेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होतं. पण त्रास पहिल्या दिवसापासून आणि फरक पडायला 2 ते 4 आठवडे, कधी 6 सुद्धा, त्यामुळे आठव्या दिवशी वाटतंच की बास झालं. तिथे थांबू नका, डॉक्टरांना फोन करा, जेवणानंतर घेऊ का, रात्रीऐवजी सकाळी घेऊ का असं विचारा, कधीकधी एवढ्यानेच भागतं.

सेक्सची इच्छा जाणं किंवा वजन वाढणं हे मात्र गोळी चालू आहे तोवर राहू शकतं, आणि नेमकं हेच आपण लाजून सांगत नाही. इथेच गोळ्यागोळ्यांत फरक आहे. पॅरोक्सेटिनमध्ये हे दोन्ही त्रास जास्त. सर्ट्रालिनने पोट बिघडतं. व्हेनलाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं आणि डोस चुकला की चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस राहते म्हणून विसराळू माणसाला ती बरी पडते. बुप्रोपिऑनने वजन सहसा वाढत नाही, सेक्सवरही फारसा परिणाम नाही, पण फिट येण्याचा त्रास असेल तर ती नको.

माझ्या आईचं जेवण सुटलं होतं, झोपही नव्हती, तिला मिर्टाझापिन दिली. तिच्या यादीत पहिलंच होतं गुंगी आणि भूक वाढणं. तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाला ती ओट्याशी उभी राहून गार वरणभात खात होती, मी दारातून बघत राहिले. तिला जे हवं होतं तेच मला, आधीच वजन आणि शुगरचं टेन्शन असताना, अजिबात चाललं नसतं.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. जीव द्यावासा वाटणं (25 च्या आतल्यांनी सुरुवातीला आणि डोस बदलताना जास्त जपायचं), किंवा अचानक झोपेची गरजच न वाटणं आणि अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. वयस्कर माणूस गोंधळल्यासारखं बोलायला लागला तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या, या गोळ्यांनी ते कमी होऊ शकतं. ट्रामाडॉल, ब्रुफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, म्हणून तारीख, डोस, झोप, भूक, आणि "मला हा त्रास चालणार नाही" असं सरळ कागदावर लिहून न्या. तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागद टेबलावर ठेवा, मी तेच केलं होतं आणि डॉक्टरांनी तो वाचून गोळी बदलली.